नाव नंतर सांगा, आधी बघू द्या

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी झाली की शाळांच्या सहली सुरू होतात, सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर बस थांबते, सर लांबून बोट दाखवतात, तो बघा बगळा, ते बदक, चला डबे काढा. पोरांच्या हाताला पाणीसुद्धा लागत नाही. तर मुलांना बाहेर नेणाऱ्या सगळ्या शिक्षकांना, शिबिरातल्या ताई-दादांना मला एवढंच सांगायचंय, नाव सांगायची घाई करू नका.

एक पांढरा ट्रे घ्या, मोठी गाळणी काठीला घट्ट बांधा, काठच्या पाणवनस्पतींमधनं दोन-तीनदा फिरवा आणि ट्रेमधल्या पाण्यात उलटी करा. आधी नुसता चिखल दिसतो, मग त्यातलं काहीतरी हलायला लागतं. चतुर या किड्याची अळी सापडली तर फारच छान, तिचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो, शिकार टप्प्यात आली की झटकन पुढे येतो, आणि पळायचं असलं की मागनं पाण्याची पिचकारी मारून सटकते. एवढं बघितल्यावर पोरं स्वतःच विचारतात, सर हे काय आहे? तेव्हा सांगा की नाव.

लालभडक बारीक अळ्याच जास्त निघाल्या तर तुम्ही विचारा, इथं ह्याच का? त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या घाण पाण्यातही त्या तगतात. मग तलावात येणाऱ्या सांडपाण्याचा विषय आपोआप निघतो.

झाडाखाली पण हेच. सोलापुरातल्या सिद्धेश्वर वनविहारात दोरीनं १ मीटरचा चौकोन आखा, पालापाचोळा काडीनं हळूहळू बाजूला करा, हात घालू नका, विंचू असतो. तसाच दुसरा चौकोन उघड्या जागेवर, आणि दोन्हीकडं वेळ सारखाच द्या, नाहीतर तुलना कशाची करणार? हे नेणाऱ्यानं आधी स्वतः गुडघ्यावर बसून करायला पाहिजे, नुसतं वाचून जमत नाही.

नान्नजच्या माळरानावर गेलात तर पोरं हमखास म्हणतात, इथं झाडं लावूया. अहो, माळढोक पक्षी जमिनीवरच अंडं घालतो, त्याला मोकळा माळच लागतो, त्याच्यासाठीच तर १९७९ मध्ये अभयारण्य झालं. तिथं आधी गवताचे प्रकार मोजायला लावा.

आणि पाण्यापाशी खोली आधी तुम्ही काठीनं बघा, गुडघ्याच्या वर पाण्यात कुणालाच सोडू नका, ट्रे सावलीत ठेवा आणि बघून झालं की सगळे जीव जिथनं काढले तिथंच परत सोडा.