मागाच्या खोलीत सुतारकाम

(दृश्य: रिकामी खोली. शहाबादी फरशीवर खडूच्या रेघा.)

ही खोली 18 फूट लांब आणि 12 फूट रुंद आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या घराच्या मागच्या अंगाला. माग भंगारात गेला तरी घरात हिला अजून 'कारखाना'च म्हणतात. वडील इथं चादरी विणायचे. रात्री माग थांबला की त्या शांततेनंच आम्हाला जाग यायची.

आता इथं मला सुतारकाम करायचं आहे. स्टुलं, कपाटं, एखादा देव्हारा. कामावरून आल्यावर आणि सुटीच्या दिवशी.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांसारखंच केलं. कागदावर चौकोन काढला आणि कुठलं यंत्र कुठं मावतं ते पाहिलं. सगळी यंत्रं मावली. माणूस कुठं उभा राहणार आणि लाकूड कुठून कुठं सरकणार, हे मात्र त्या कागदावर कुठंच नव्हतं.

(दृश्य: फरशीवर पुठ्ठे मांडले जात आहेत.)

मग कागद बाजूला ठेवला. माझी करवत म्हणजे मधून गोल पातं वर आलेलं टेबल. त्या टेबलाएवढा पुठ्ठा कापला आणि फरशीवर मांडला. प्लायवूडची अख्खी शीट 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद असते. ती चिरायची तर पात्याच्या अलीकडे 8 फूट लागतात आणि चिरून बाहेर पडायला पलीकडे आणखी 8. शीट ढकलणारा माणूस तिच्याही मागे उभा असतो. म्हणजे 3 फुटांच्या करवतीला खोलीची सगळी लांबी लागते, शिवाय एका टोकाला उघडं दार.

दारं दोन आहेत. एक अंगणात उघडतं, एक घरात. मी करवतीचं तोंड अंगणाकडं केलं. चिरलेली शीट सरळ उजेडात बाहेर जाईल, छान वाटलं. मी पुठ्ठ्यामागे उभा राहून हात पुढे करून पाहत होतो, तेवढ्यात आई चहा घेऊन माझ्या पाठीमागच्या दारातून आत आली. मी दचकलो.

"मी आत आलेलं तुला कळायला नको व्हय रे?" ती म्हणाली.

गोल करवतीत लाकूड अडकलं, की पातं ते मागे भिरकावतं. ढकलणाऱ्याच्या दिशेनं, डोळ्यांची पापणी लवायच्या आत. त्या रेषेत घराचं दार होतं. आणि त्या दारात रोज आई उभी राहणार होती.

करवत उलटी फिरवली. आता माझी पाठ अंगणाकडं आणि घरातून येणारं माणूस समोरून दिसतं. पातं घराकडच्या भिंतीपासून 9 फुटांवर, म्हणजे शीट पलीकडे पूर्ण निघते. मोठी शीट असेल तेव्हाच अंगणाचं दार उघडायचं, आणि त्याआधी बाहेरचं फाटक लावायचं. अंगणात गल्लीतली पोरं खेळतात.

(दृश्य: उत्तरेची खिडकी. फरशीतून वर आलेले जुने बोल्ट.)

हे बोल्ट मागाचे. माग चालताना हादरतो, म्हणून तो जमिनीत पक्का करावा लागतो. काढून टाकायला मी ग्राइंडर आणला होता. पण माग नेमका इथंच का होता, ते खिडकीकडं बघितल्यावर समजलं. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ सारखा राहतो. त्यात सुटलेला धागा दिसतो, तशी रंध्यानं राहिलेली उंचसखल जागाही दिसते. आणि रंधा मारताना टेबल सरकता कामा नये. सुतारी टेबलाचे पाय याच बोल्टांना आवळले. उंची, मी उभा राहिल्यावर माझं मनगट जिथं येतं तेवढी. ग्राइंडर परत केला.

छतही वडिलांच्याच कामाचं निघालं. मागाच्या डोक्यावर जेकार्डचा, म्हणजे चादरीत नक्षी विणणाऱ्या यंत्राचा, सांगाडा बसायचा, म्हणून ते उंच आहे. एप्रिल-मे महिन्यात इथं पारा 40च्या वर जातो आणि पत्रा तापतो. वरची गरम हवा आणि बारीक भुसा ओढायला पंखा तिथं, उंचावर बसवलाय. तो शेजाऱ्यांच्या खिडकीकडं उघडत नाही, हे गच्चीवर जाऊन पाहून घेतलं. कूलर मात्र या खोलीत नको. त्याच्या ओलाव्यानं लाकूड फुगतं आणि पटाशीला गंज चढतो.

लाकडं पश्चिमेच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर. खाली ठेवली की वाळवी लागते.

विजेचं एवढंच सांगतो. करवतीची मोटर 2 एचपीची, म्हणजे साधारण दीड किलोवॉटची. सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट करंट खेचते. म्हणून तिची लाइन वेगळी आणि दिव्यांची वेगळी. मोटरनं एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पाडला तरी पातं काही क्षण फिरतच राहतं. त्या क्षणी खोलीत अंधार होऊन चालणार नाही. अर्थिंग वायरमनकडून मोजून घेतलं.

(दृश्य: पुठ्ठ्याला वळसा घालून चालणारे पाय.)

करवत अजून विकत घेतलेली नाही. आठवडाभर पुठ्ठाच तिच्या जागी ठेवलाय. आम्ही सगळे त्याला वळसा घालून चालतो. काल नळाला पाणी आलं, तेव्हा आईनं त्याचा एक कोपरा पायानं आत सरकवला. भरलेली घागर घेऊन ती तिथून अंगणातून घरात जाते. मी खडूची रेघ पुसून नवी मारली.