गोल चार, सामने तीनशे अकरा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी माझी लेक मैदानावरून रडतच गाडीत येऊन बसली. अकरा वर्षांची आहे. इतकी वर्षं ती सॉकरच्या संघात पुढे खेळायची, गोल मारायची. त्या दिवशी प्रशिक्षकांनी तिला सांगितलं, "आजपासून तू मागे, डिफेन्सला." तिला ती शिक्षाच वाटली. खरं सांगते, मलाही वाटली. घर येईपर्यंत त्यांना पाठवायच्या ईमेलची वाक्यं मी मनात जुळवत होते.

तो ईमेल गेला नाही. त्या रात्री मी अमेरिकेच्या महिला सॉकर संघाची माजी कर्णधार क्रिस्टी रॅम्पोनबद्दल वाचत बसले आणि पहाटेपर्यंत उठले नाही. आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे, कारण ती आपल्या न्यू जर्सीची आहे आणि आपल्या घरांतून तिचं नाव फारसं ऐकू येत नाही.

उन्हाळ्यात आपण सगळेच एकदा तरी शोरला, म्हणजे इथल्या समुद्रकिनारी जातो. तिथल्या पॉइंट प्लेझंटला ती वाढली. जन्म १९७५चा, फ्लोरिडातला, पण शाळा इथली. माहेरचं आडनाव पिअर्स. शाळेत ती सॉकर खेळायची, बास्केटबॉल खेळायची आणि हॉकीही. शोर कॉन्फरन्समध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या स्पर्धागटात, या तिन्ही खेळांत सर्वाधिक गुण मिळवणारी ती पहिली खेळाडू, मुलगे धरून. पुढे मनमथ विद्यापीठात गेली ती मुख्यतः बास्केटबॉलसाठी. तिथेही सॉकर सोडलं नाही, वर थोडं लॅक्रॉसही खेळली. विद्यापीठाच्या सॉकर संघात ८० सामन्यांत ७९ गोल केले. म्हणजे जवळपास प्रत्येक सामन्याला एक.

आपल्याकडे, मीही त्यातलीच, मूल आठ वर्षांचं झालं की आपण विचारायला लागतो, "आता नक्की कशावर लक्ष द्यायचं?" क्रिस्टीनं एकविसाव्या वर्षापर्यंत हा प्रश्न सोडवलेलाच नव्हता.

मग राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक टोनी डिचिको यांनी तिला बोलावलं. त्यांना तिच्या गोलांची गरज नव्हती. पुढच्या फळीत मिया हॅमसारख्या खेळाडू होत्या. त्यांना हवे होते तिचे पाय, तिचा वेग. त्यांनी तिला बचावफळीत आणलं. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती अमेरिकेकडून पहिल्यांदा खेळली. आयुष्यभर गोल मारत आलेल्या मुलीनं आता इतरांचे गोल अडवायचे होते, आणि तेही देशाच्या संघात शिकत शिकत.

माझी आई सांगलीला शाळेच्या कबड्डी संघात कोपऱ्याला खेळायची. ती सांगते, टाळ्या चढाई करणारीला मिळायच्या आणि हिच्या वाट्याला फुटलेले गुडघे. पण चढाईवाली परत जाताना तिचा घोटा धरायचा तो कोपऱ्यानंच. सॉकरमधल्या डिफेंडरचं तसंच आहे. चौघी एका ओळीत उभ्या राहतात. एक जण जरी दोन पावलं मागे रेंगाळली तरी समोरची खेळाडू ऑफसाइडमधून सुटते. मधली डिफेंडर नव्वद मिनिटं तोंडानं खेळत असते: पुढे सरका, डावीकडे बघ, तिला सोडू नको. टीव्हीवर ते ऐकू येत नाही. चेंडू तिच्यापर्यंत आलाच नाही, हेच तिचं उत्तम काम. मग ते दिसणार कसं?

म्हणून क्रिस्टीची आकडेवारी नीट ऐका. देशासाठी सामने ३११. गोल चार. ती थांबली तेव्हा तिच्याहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने जगात एकाच खेळाडूच्या नावावर होते, तिचीच सहकारी क्रिस्टीन लिली.

१९९९चा महिला विश्वचषक तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अमेरिकेचा पहिला सामना इथेच, जायंट्स स्टेडियमवर, ७८,९७२ प्रेक्षकांसमोर झाला होता. अंतिम सामना कॅलिफोर्नियात रोझ बोलमध्ये, ९०,१८५ लोक, आणि पेनल्टीवर चीनचा पराभव. विजेत्या संघात क्रिस्टी होती, पण त्या दिवशी बाकावर. मैदानात बचावाला कार्ला ओव्हरबेक आणि जॉय फॉसेट होत्या. आई झाल्यावरही अव्वल दर्जाचं खेळता येतं हे फॉसेटनं त्या संघात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवलं होतं. क्रिस्टीला पुढे ते कामी आलं असणार, असं मला वाटतं.

पुढची वर्षं भराभर सांगते. २०००ला सिडनी ऑलिंपिकमध्ये रौप्य, २००४ला अथेन्समध्ये सुवर्ण, २००५मध्ये पहिली मुलगी. २००८ला बीजिंगमध्ये ती कर्णधार. पहिल्याच सामन्यात नॉर्वेनं चार मिनिटांत दोन गोल चढवले, तेही अमेरिकेच्या बचावातल्या चुकांवर. बचावफळीच्या कर्णधारासाठी याहून वाईट सुरुवात कोणती? त्याच संघानं दोन आठवड्यांनी जादा वेळेत ब्राझीलला १-० हरवून सुवर्ण घेतलं. एकही गोल न देता.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते २००९ साल, कारण ते घडलं पिस्काटावेला. आपल्यातल्या कित्येकांचं पहिलं अपार्टमेंट एडिसन-पिस्काटावेच्या आसपासचं. तिथल्या रटगर्स विद्यापीठाच्या युर्काक फील्डवर स्काय ब्लू हा व्यावसायिक संघ खेळायचा. महिलांची आधीची लीग २००३मध्ये बंद पडली होती. त्यानंतरची ही नवी लीग, तिचा पहिलाच मोसम, आणि स्काय ब्लूची अवस्था बिकट. एक प्रशिक्षक गेले, त्यांच्या जागी आलेल्या बाईंनीही मोसम संपायच्या आत पद सोडलं. तेव्हा क्रिस्टीनं खेळता खेळता प्रशिक्षकाचीही जबाबदारी घेतली. संघ कसाबसा चौथा येऊन बाद फेरीत पोचला. मग आठ दिवसांत तीन सामने, तिन्ही परक्या मैदानावर: वॉशिंग्टन २-१, सेंट लुइस १-०, आणि लॉस एंजेलिसमध्ये अंतिम सामना. समोर मार्ता, त्या वेळची जगातली सर्वोत्तम आक्रमक. स्काय ब्लू १-०नं जिंकलं. गोल आपल्या ईस्ट ब्रन्सविकच्या हेदर ओ'रायलीचा. मार्ताला एकही मारता आला नाही.

त्या वेळी क्रिस्टीला दुसऱ्यांदा दिवस गेलेले होते, जवळपास तिसरा महिना, आणि सहकाऱ्यांना तिनं ते सांगितलेलं नव्हतं. बातमी नंतर कळली. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. प्रत्येकीनं असं करावं असं मी म्हणत नाही, उलट कुणावर अशी वेळ येऊ नये. पण तिनं ते स्वतःच्या निर्णयानं केलं, आणि मार्चमध्ये दुसरी मुलगी झाली.

ती लीगही २०१२मध्ये बुडाली. ज्यांनी इथे २००१ची किंवा २००८ची मंदी व्हिसावर काढली आहे, त्यांना मी वेगळं काय सांगणार? २०१३मध्ये तिसरी लीग सुरू झाली आणि क्रिस्टी पुन्हा स्काय ब्लूत हजर झाली. त्याच संघाला आज गॉथम एफसी म्हणतात.

दरम्यान तिला लाइम रोगानं गाठलं होतं. आपण इथे पोरं झाडीतून खेळून आली की पायांवर गोचीड आहे का बघतो, तोच हा आजार. जोडीला थायरॉइडचं दुखणं. थकवा, सांधे धरणं, आणि तरीही २०१२ला लंडन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ती कर्णधार म्हणून ९० मिनिटं उभी होती. वेम्बलीवर ८० हजारांवर प्रेक्षक, जपानवर २-१, तिसरं सुवर्ण. आदल्या वर्षी फ्रँकफर्टला याच जपानकडून विश्वचषकाचा अंतिम सामना पेनल्टीवर गमावला होता, तेव्हाही कर्णधार तीच होती.

आणि मग ५ जुलै २०१५, व्हँकुव्हर. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा जपान. डेलरानच्या कार्ली लॉइडनं सोळा मिनिटांत तीन गोल केले, पाचवा बास्किंग रिजच्या टोबिन हीथचा. दोघीही आपल्या राज्याच्या. ५-२ असताना ८६व्या मिनिटाला अॅलेक्स मॉर्गन बाहेर आली आणि आत गेली क्रिस्टी. अकरा दिवसांपूर्वी तिला चाळीस वर्षं पूर्ण झाली होती. १९९९च्या विजेत्या संघातली तोवर खेळत राहिलेली ती एकटीच. तेव्हाचा अंतिम सामना बाकावरून पाहिला, हा मैदानात संपवला. करंडक उचलायला ती आणि तिची सहकारी अॅबी वॉमबाक एकत्र पुढे गेल्या.

ही चार-पाच मिनिटं मी लेकीला दाखवली. तिनं एकच प्रश्न विचारला, "आई, आता तर जिंकलेच होते ना, मग हिला का पाठवलं?" मी म्हटलं, तूच बघ. ती बघत राहिली. काही बोलली नाही.

गेल्या शनिवारी सामना संपला. आमचा संघ ०-१ हरला होता. लेक गाडीत बसली, बूट काढले आणि म्हणाली, "आई, त्यांची नऊ नंबरची फार फास्ट होती. माझ्या बाजूनं ती एकदाही गेली नाही."