मागे टाकलेलेच कामी आले : रॉबी विल्यम्सचा पहिला अल्बम

श्रोतेहो, नमस्कार.

१९९५ सालच्या जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये एका गानसमूहाची तालीम चालू होती. समूहातील सर्वांत धाकट्या गायकाने, हा दौरा संपला की मी बाहेर पडेन, असे आधीच सांगून ठेवले होते. त्यावर बाकीच्यांनी त्याला सांगितले की, जायचेच असेल तर दौऱ्यापर्यंत थांबण्यापेक्षा आजच गेलेले बरे. तो निघाला आणि जाता जाता टेबलावरचे एक खरबूज उचलून बरोबर घेऊन गेला. ही हकिकत त्या मंडळींनी स्वतःच पुढे अनेकदा हसत सांगितली आहे. त्या दिवशी मात्र कोणाला हसू आले असेल असे वाटत नाही. तो तरुण म्हणजे रॉबी विल्यम्स, आणि तो समूह म्हणजे 'टेक दॅट'. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या तरुणाने पुढे दोन वर्षांनी काढलेल्या पहिल्या स्वतंत्र अल्बमविषयी, म्हणजे 'लाइफ थ्रू अ लेन्स'विषयी.

बॉय बँड म्हणजे गाता-नाचता येणाऱ्या, दिसायला देखण्या अशा चार-पाच मुलांचा, बहुधा कोणा व्यवस्थापकाने निवडून जमवलेला समूह. 'टेक दॅट' मँचेस्टरमध्ये १९९० साली असाच जमवला गेला. त्यात प्रत्येकाचे काम ठरलेले होते. गॅरी बार्लो गाणी लिहीत असे आणि बहुतेक गाण्यांत मुख्य आवाजही त्याचाच असे. हॉवर्ड डोनल्ड आणि जेसन ऑरेंज हे नाचात तरबेज होते. मार्क ओवेनचा चेहरा भाबडा आणि गोड होता. स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातून आलेला रॉबी समूहात शिरला तेव्हा अवघा १६ वर्षांचा होता, आणि त्याच्या वाट्याला आले ते खोडकर मुलाचे काम. 'कुड इट बी मॅजिक' किंवा 'एव्हरीथिंग चेंजेस' अशा मोजक्या गाण्यांत मुख्य आवाज त्याचा होता. एरवी त्याने मागे उभे राहून साथीचे स्वर लावायचे, नाचायचे आणि कॅमेऱ्याकडे पाहून डोळे मिचकावायचे. हे सारे तो उत्तम करत असे, हे विसरू नये, कारण पुढे याचाच उपयोग होणार आहे.

समूह सोडण्याच्या थोडे आधी, जूनमध्ये, तो ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात 'ओएसिस' या बँडसोबत वावरताना आणि त्यांच्या मंचावर नाचताना दिसला होता. त्या काळात इंग्लंडमध्ये गिटारवर उभ्या असलेल्या, काहीशा उर्मट आणि कष्टकरी वस्तीचा अभिमान मिरवणाऱ्या संगीताची लाट होती आणि 'ओएसिस' तिच्या अग्रभागी होता. त्या वर्तुळात बॉय बँडच्या मुलाला कोणी गायक मानत नसे. रॉबीला तिथे मान हवा होता. त्याच्या पहिल्या अल्बममधला सगळा ताण या एका इच्छेतून आलेला आहे, असे मला वाटते.

बाहेर पडला तरी तो लगेच मोकळा झाला नाही. जुन्या ध्वनिमुद्रण कंपनीशी असलेल्या करारातून सुटका व्हायला १९९६ चा उन्हाळा उजाडला, आणि मग ईएमआय समूहातील 'क्रिसालिस' या कंपनीने त्याला करारबद्ध केले. तोपर्यंत उरलेल्या चौघांनीही १३ फेब्रुवारी १९९६ रोजी समूह विसर्जित केल्याचे जाहीर केले होते. चाहत्या मुलींना इतका धक्का बसला की त्यांना धीर देण्यासाठी दूरध्वनी सेवा सुरू कराव्या लागल्या. योगायोग असा की, तो रॉबीचा २२ वा वाढदिवस होता.

हाती स्वतःची गाणी नव्हती, म्हणून त्याचे पहिले स्वतंत्र गाणे उसने होते. जॉर्ज मायकलचे, १९९० सालचे 'फ्रीडम'. निवड बोलकी होती. जॉर्ज मायकल हाही 'व्हॅम' या तरुण मुलींच्या लाडक्या जोडीतून बाहेर पडलेला गायक, आणि आपल्यावर चिकटवलेली जुनी प्रतिमा झुगारून देण्याविषयीच ते गाणे होते. रॉबीचे गाणे ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. पण त्याच सुमारास गॅरी बार्लोचे पहिले स्वतंत्र गाणे थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते, पुढच्या वर्षी त्याचे आणखी एक गाणे आणि त्यापाठोपाठ त्याचा अल्बमही पहिला आला. गाणी लिहिणारा तो होता, तेव्हा समूहाचा वारसा त्याच्याकडे जाणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. रॉबीचे नाव वर्तमानपत्रांत येत होते ते दारू, पार्ट्या आणि वाढलेले वजन यांच्या संदर्भात. अल्बमचे काम चालू असतानाच, १९९७ साली, त्याला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावे लागले. 'क्लीन' हे अल्बममधील गाणे ऐकताना ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

कंपनीने सुरुवातीला त्याला अमेरिकेतील नाणावलेल्या गीतकारांबरोबर बसवले. त्यातून 'ओल्ड बिफोर आय डाय' हे गाणे आले. म्हातारे होण्याआधी मरण यावे, असे साठच्या दशकातल्या 'द हू' या बँडच्या एका प्रसिद्ध ओळीत म्हटले होते. रॉबी ते उलटे करून म्हणतो की, मरण्याआधी मला म्हातारे व्हायचे आहे. कल्पना झकास आहे, पण गाणे ऐकताना 'ओएसिस'ची आठवण इतकी येते की गायक कोण हे विसरायला होते. मग जानेवारी १९९७ मध्ये त्याची गाठ गाय चेंबर्सशी पडली. चेंबर्स हा 'वर्ल्ड पार्टी' या बँडमध्ये वाजवलेला, स्वतःचा 'लेमन ट्रीज' हा बँड चालवून पाहिलेला आणि फारसे यश न मिळालेला संगीतकार. शब्द रॉबीचे आणि स्वररचना मुख्यतः चेंबर्सची, अशी त्यांची जोडी जमली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे गाण्यांचा साठा झाला. निर्मितीत चेंबर्सच्या जोडीला स्टीव्ह पॉवर होता.

अल्बम २९ सप्टेंबर १९९७ रोजी आला. मुखपृष्ठावर रॉबीला छायाचित्रकारांनी घेरले आहे, आणि नावाचा अर्थही तोच, कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहिलेले आयुष्य. ब्रिटनमध्ये तो ११ व्या क्रमांकावर दाखल झाला आणि मग घसरू लागला. त्याआधीची गाणीही अशाच पायऱ्या उतरत आली होती: एप्रिलमधले 'ओल्ड बिफोर आय डाय' दुसरे, जुलैमधले 'लेझी डेज' आठवे, सप्टेंबरमधले 'साउथ ऑफ द बॉर्डर' चौदावे. व्यापाराच्या भाषेत ही दुकान आवरायला घेण्याची वेळ होती.

मी हा अल्बम पुन्हा नीट ऐकला तेव्हा जाणवले की, ही तिन्ही गाणी एकाच जातीची आहेत. गिटारांचा जाड थर, थोडे ओढून उच्चारलेले शब्द, मित्रांच्या टोळक्याने मिळून म्हणावे असे ध्रुवपद. ती वाईट नाहीत. 'लेझी डेज' तर उन्हात पडून ऐकावे असे प्रसन्न गाणे आहे. पण त्यांत एक मुलगा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात खेळायला परवानगी मागत उभा आहे, असे सारखे वाटत राहते. 'ईगो अ गो गो' हे जुन्या सहकाऱ्याला, गॅरी बार्लोला, टोमणे मारणारे गाणे म्हणून ओळखले जाते. त्यात ठसका आहे, पण ज्याला टोमणा मारायचा तोच इतका डोक्यात बसला असेल तर गाणाऱ्याला अजून स्वतःचे घर सापडलेले नाही, असेच म्हणावे लागते. या गर्दीत आईविषयीचे 'वन ऑफ गॉड्स बेटर पीपल' हे साधे गाणे एकदम वेगळे उठून दिसते, कारण तिथे तो कोणालाच काही सिद्ध करून दाखवत नाही.

डिसेंबरच्या १ तारखेला अल्बममधील चौथे गाणे वेगळे काढून बाजारात आणले गेले. ते 'एंजल्स'.

सुरुवातीला फक्त पियानो आणि आवाज. चाल संथ, स्वर खालच्या पट्टीत, जणू कोणाशी तरी हळू आवाजात बोलणे चालले आहे. कडवे संपेपर्यंत गायक फार वर जात नाही, आणि मग ध्रुवपदात आवाज मोकळा सुटतो, ढोल आणि तंतुवाद्ये येऊन मिळतात, आणि ती उडी इतकी सोपी आहे की गळा नसलेल्या माणसालाही तिच्यात सामील व्हावेसे वाटते. यात 'ओएसिस'चा लवलेशही नाही. हे थेट 'टेक दॅट'च्या पठडीतले भावगीत आहे, हजारो मुलींसमोर डोळे मिटून गायचे असते तसे. ज्या घराण्याची त्याला लाज वाटत होती, त्याच घराण्याची ही तालीम होती. फरक एवढाच की आता मधला आवाज त्याचा स्वतःचा होता आणि त्यात मार खाल्लेल्या माणसाचा थोडा खरखरीतपणा आला होता.

'एंजल्स' चौथ्या क्रमांकाच्या वर कधीच गेले नाही, आणि तरी एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या काळात बहुतेक गाणी पहिल्या आठवड्यात उसळी घेत आणि मग भराभर खाली येत. हे गाणे हिवाळाभर हलले नाही. लोकांनी ते लग्नांत लावले आणि अंत्यविधीतही लावले. २००५ साली ब्रिटनमधील 'ब्रिट' या संगीत पुरस्कारांत मागच्या २५ वर्षांतील सर्वोत्तम ब्रिटिश गाणे म्हणून त्याची निवड झाली.

मार्च १९९८ मध्ये 'लेट मी एंटरटेन यू' आले, आणि समूहातल्या खोडकर मुलाचा धंदा इथे उघडपणे पुन्हा सुरू झाला. गडगडणारा ठेका, पितळी वाद्यांची ललकारी, आणि चित्रफितीत 'किस' या अमेरिकी बँडसारखा चेहरा रंगवून नाचणारा रॉबी. मी तुमची करमणूक करायला आलो आहे, असे गिटारवाल्या बँडमधील कोणीही म्हटले नसते. त्यांना तो कमीपणा वाटला असता. रॉबीने ते छातीठोकपणे म्हटले आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या मैफलींची सुरुवात याच गाण्याने केली. एप्रिल १९९८ मध्ये, प्रसिद्धीनंतर तब्बल २८ आठवड्यांनी, 'लाइफ थ्रू अ लेन्स' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

गॅरी बार्लोचे दिवस मात्र फिरले. त्याचा १९९९ सालचा दुसरा अल्बम पडला आणि कंपनीने त्याला सोडून दिले. दोघांमध्ये समेट व्हायला आणखी एक दशक जावे लागले. २०१० साली रॉबी काही काळासाठी 'टेक दॅट'मध्ये परतला आणि पाचही जणांनी मिळून अल्बम केला. रॉबीच्या ज्या कंपनीने ११ व्या क्रमांकावरून घसरणाऱ्या अल्बममधून आणखी एक गाणे काढण्याचा खर्च केला, तिचेही इथे श्रेय आहे. आजच्या हिशेबात पहिल्या आठवड्याचे आकडे पाहूनच निकाल लागतो, आणि तो हिशेब तेव्हाही कडक असता तर 'एंजल्स' हे अल्बममधले चौथे गाणे म्हणूनच राहिले असते.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाकडे या अल्बमची जुनी सीडी असेल तर शेवटचे गाणे संपल्यावर ती लगेच बाहेर काढू नका. बराच वेळ काहीच ऐकू येणार नाही. मग एकाएकी रॉबीचा आवाज येतो, वाद्यांविना, नुसता बोलणारा. मुखपृष्ठावरील यादीत न छापलेली ती एक कविता आहे, 'हॅलो सर' नावाची. शाळेत असताना ज्या शिक्षकाने त्याच्या गाण्याबजावण्याच्या स्वप्नाची टर उडवली, त्या शिक्षकाला तो त्यात विचारतो, सर, मी आठवतो का तुम्हाला?

नमस्कार.