विठोबाला जाब

(दृश्य : देहू, इंद्रायणीचा घाट. पहाटेचा काकडा ऐकू येतो.)

१६३० चा पावसाळा कोरडा गेला. गुजरातेपासून दख्खनपर्यंत उभी पिकं करपली आणि पुढची दोन वर्षं माणसं वाटेवर मरत राहिली. शहाजहानच्या दरबारात लिहिलेल्या बादशाहनाम्यात अब्दुल हमीद लाहोरीने त्या दिवसांचं वर्णन केलं आहे. भाकरीच्या तुकड्यासाठी माणूस स्वतःला विकायला निघे आणि घेणारा मिळत नसे. मेलेल्यांची हाडं कुटून पिठात मिसळली जात. दरबारी इतिहासकार बादशहाची कीर्ती गायला बसलेला असतो. त्याच्याही लेखणीतून हे उतरलं, यावरून काळ किती कठीण होता ते समजावं.

आणि दोष एकट्या पावसाचा नव्हता. त्याच वर्षी शहाजहान बुऱ्हाणपुरात तळ देऊन बसला होता, त्याच्या फौजा निजामशाहीवर चालून जात होत्या. फौज जाते तिथलं धान्य जातं, बैल जातात, वैरण जाते. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला. पुण्याहून देहू कितीसं लांब?

देहूत मोऱ्यांचं घर होतं. जात कुणबी, धंदा वाण्याचा, गावची महाजनकी, सावकारी, आणि पिढ्यान् पिढ्या घरातच विठोबाचं देऊळ. पंढरीची वारी न चुकवणारं घर. दुष्काळाआधीच आईवडील गेले होते. थोरली भावजय गेली आणि भाऊ सावजी विरक्त होऊन घरातून निघून गेला. सगळा प्रपंच तुकारामांच्या अंगावर आला. परंपरेने मानलेलं जन्मवर्ष १६०८ धरलं तर तेव्हा त्यांनी नुकती विशी ओलांडली होती.

पुढे काय झालं ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे.

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

ती रखमाबाई, तुकारामांची पहिली बायको. मुलगा संतूही गेला. ज्या घराच्या ओसरीवर देव उभा होता, त्याच घरात बाई भुकेने मेली.

इथे प्रश्न उभा राहतो, आणि तो फक्त देहूचा नाही. देव आहे, तो दयाळू आहे, त्याच्या हातात सगळं आहे असं आपण म्हणतो. मग हे कसं? देवाला दिसलं नाही? दिसूनही धावला नाही? की धावणं त्याच्या हातातच नव्हतं?

(दृश्य : पोथीची पानं.)

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाकडे डोळेझाक केली असं कोणी म्हणू नये. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादात, चौतिसावं सूत्र याच प्रश्नावर आहे. शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचा आक्षेप मांडतात, आणि तो जराही सौम्य करत नाहीत. देवादिकांना अत्यंत सुख, पशूंना अत्यंत दुःख, माणसाला मधलंच काहीतरी. असं जग ज्याने केलं तो सामान्य माणसासारखा रागद्वेषाने भरलेला म्हणायला हवा. शिवाय तो दुःख देतो आणि शेवटी सगळ्यांचा संहारही करतो, म्हणजे निर्दयसुद्धा. नास्तिकाला याहून कडक काय बोलता आलं असतं?

उत्तर येतं ते पावसाच्या दृष्टांताने. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. साळीच्या बियाण्यातून साळ उगवते आणि जवाच्या बियाण्यातून जव, तो फरक बियाण्याचा. तसा ईश्वर सर्वांना सारखा, सुखदुःखातला फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा. मग सृष्टीच्या आरंभी पहिलं कर्म कोणाचं? पुढचंच सूत्र म्हणतं, संसाराला आरंभच नाही, तो अनादी आहे.

तर्क म्हणून ही मांडणी पक्की आहे. ती करणाऱ्यांच्या बुद्धीपुढे मी हात जोडतो. पण हे उत्तर पोथीतून उठून गावात येतं, तेव्हा ते कोणाच्या तोंडून निघतं आणि कोणाला ऐकावं लागतं, ते पाहायला मंगळवेढ्याला जावं लागेल.

(दृश्य : मंगळवेढा.)

चौदावं शतक. चोखोबा, त्यांची बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. घरातलं प्रत्येक माणूस अभंग रचणारं, आणि या घराला पंढरीच्या देवळात पाऊल टाकायची मुभा नाही. गावाची मेलेली गुरं ओढायची, गावाचं उष्टं खायचं, विठोबाला बाहेरून हात जोडायचे.

या दुःखाला दुष्काळाचं निमित्त नाही. आभाळातून काही कोसळलेलं नाही. हे माणसांनी माणसांवर लादलेलं आहे, आणि वर देवाचं नाव घेऊन.

चोखोबा त्याचा अर्थ लावायला बसतात तेव्हा त्यांच्या हाताशी तेच कर्माचं उत्तर असतं. एका अभंगात ते म्हणतात की पूर्वजन्मी आपल्या हातून कृष्णनिंदा घडली होती, म्हणून हा जन्म मिळाला.

चोखा म्हणे विटाळ ।
आम्हां पूर्वींचें हें फळ ॥

हा अभंग मला कधीही शांतपणे वाचता आलेला नाही. एवढा निर्मळ माणूस, आणि दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायाचा दोष स्वतःच्या न आठवणाऱ्या जन्मावर घेतो. पाऊस सारखा आणि बी वेगळं, हे वाक्य देवाला निर्दोष सोडवतं खरं, पण त्याच दाराने उष्टं वाढणारे हातही निर्दोष सुटतात.

चोखोबांचा अंतही वेठीवर झाला. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरची माणसं तिच्याखाली गाडली गेली. परंपरा हे साल १३३८ सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. समाधी बांधली गेली ती महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर.

आणि त्याच घरातला मुलगा. बापाचं उत्तर कर्ममेळ्याने मानलं नाही.

आमुची केली हीन याती ।
तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां ।
लाज न ये तुमचे चित्ता ॥

देवाला लाज वाटत नाही का, असं हा मुलगा तोंडावर विचारतो. पुढे म्हणतो, आमच्या घरी येऊन दहीभात खाल्लास, आता नाही कसा म्हणतोस? आणि शेवट,

कासया जन्म दिला मला ॥

अभंग इथे संपतो. विठोबा उत्तर देत नाही. कर्ममेळा स्वतःही देवाच्या वतीने उत्तर देत नाही, आणि त्याचं मोठेपण मला इथेच दिसतं. त्याहून मोठं मला वारकऱ्यांचं वाटतं, ज्यांनी हा अभंग गाळला नाही. ज्या देवाला लोटांगण घालायचं त्याच्यावरचा हा आरोप त्यांनी संतवाणीत जपला.

कारण भांडण या परंपरेत पाखंड मानलं गेलंच नाही. जनाबाई अंगणात उभी राहून देवाला शिव्या देते.

अरे विठ्या अरे विठ्या ।
मूळ मायेच्या कारट्या ॥

आणि तुकाराम एका अभंगात चक्क लिहून जातात,

माझे लेखीं देव मेला ।
असो त्याला असेल ॥

माझ्यापुरता देव मेला, दुसऱ्या कोणाला असेल तर असो. त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, असं पुढे म्हटलं आहे. हे म्हणणाऱ्या माणसाची गाथा आज लाखो घरांत देव्हाऱ्याशेजारी असते. श्रद्धा म्हणजे तक्रार न करणं, असं आपल्याला कोणी शिकवलं असेल तर ते निदान या संतांनी नव्हे. रागावलेला माणूस देवापासून दूर गेला असं आपण पटकन म्हणतो. पण जाब विचारायलाही समोर कोणीतरी आहे असं मानावं लागतं, आणि त्याने न्यायाने वागावं ही अपेक्षा धरावी लागते.

(दृश्य : भंडाऱ्याचा डोंगर.)

तुकारामांचा आणखी एक अभंग इथे घ्यायलाच हवा. तो अवघड आहे, आणि त्याचा गैरवापरही भरपूर झाला आहे.

बरें जालें देवा निघालें दिवाळें ।
बरी या दुष्काळें पीडा केली ॥

दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने छळलं ते बरं झालं. अनुतापाने तुझं चिंतन राहिलं, संसार ओकून टाकावासा झाला. हा अभंग ऐकवून आपण किती वेळा दुसऱ्यांचं सांत्वन केलं असेल! मूल गमावलेल्या आईला, नापिकीत बुडालेल्या शेतकऱ्याला, ‘जे होतं ते बऱ्यासाठीच’ असं सांगितलं असेल.

मी इथे थांबायला सांगेन. हा अभंग तुकारामांनी कोणाला ऐकवला आहे? देवाला. कोणाच्या दुःखाबद्दल? स्वतःच्या. ज्याच्या घरात बायको आणि मूल गेलं, त्याने त्या राखेतून काय वेचलं ते तो सांगतो. तो अधिकार त्याचा आहे. रखमाबाईचं मरण तिच्या दृष्टीने बरं झालं का, हे या अभंगात कुठेच नाही आणि ते ठरवायचा अधिकार कोणालाच नाही. स्वतःच्या जखमेचा अर्थ माणूस लावू शकतो. दुसऱ्याच्या जखमेवर तोच अर्थ चिकटवायला गेलं की ती क्रूरता होते, मग तोंडी कितीही पवित्र ओवी असो.

दुसऱ्याच्या दुःखापुढे तुकाराम काय करतात?

घरची सावकारी होती, म्हणजे घरात लोकांची कर्जखतं होती. दुष्काळाने गाव बसलं होतं, कोणाची फेडायची ऐपत नव्हती, पण खत आहे तोवर देणं फिटत नाही. खतावर नाव आहे तोवर शेत, बैल, उद्याचं पीक, सगळं दुसऱ्याचं. परंपरा सांगते की तुकारामांनी ती खतं बाहेर काढली. धाकट्या कान्होबाला त्याचा निम्मा वाटा दिला, कारण भावाच्या वाट्याचं दान करणं आपल्या हातात नाही, हा हिशोब त्यांनी चोख पाळला. आणि स्वतःच्या वाट्याची निम्मी खतं इंद्रायणीत सोडून दिली.

देवाने दुष्काळ का पाडला याचा उलगडा त्यांनी ऋणकोंना केला नाही. त्यांचं कर्म काढलं नाही. आपल्या हातातला त्यांच्या गळ्याचा फास तेवढा सोडला. वाडवडिलांचं देऊळ मोडकळीला आलं होतं, तेही त्याच काळात दुरुस्त केलं. देवावर रुसलेला आणि त्याच देवाच्या भिंती लिंपणारा माणूस एकच. त्यात मला विसंगती दिसत नाही.

दुष्काळाच्या प्रश्नाला यातून उत्तर मिळालं का? नाही. अन्न अन्न करत गेलेली रखमाबाई कोणत्याही सिद्धांतात नीट बसत नाही, आणि बसवूही नये. पण कर्ममेळ्याचा प्रश्न निराळा होता. त्याने देवाला विचारला, तरी त्यातलं बरंचसं माणसांच्या हातात होतं.

(दृश्य : पंढरपूर, महाद्वार, नामदेव पायरी, समोर चोखोबांची समाधी.)

१ मे १९४७. स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आलं होतं. पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजींनी उपोषण सुरू केलं. मागणी एकच होती, विठोबाचं देऊळ हरिजनांना उघडं करा. त्याआधी त्यांनी महिनोन् महिने महाराष्ट्र पायाखाली घातला होता, गावोगावी सभा घेतल्या होत्या. साने गुरुजी देवाला न मानणारे नव्हते. श्यामच्या आईने लावलेल्या भक्तीत वाढलेला हा माणूस. आपल्या देवाच्या दारात माणसं अडवली जातात हे त्यांना सोसेना, म्हणून ते जिवावर उदार झाले. विरोध करणारे धर्माचाच आधार घेत होते, उपोषण करणाराही धर्मालाच धरून बसला होता.

देऊळ उघडायचं ठरलं, तेव्हा उपोषण सुटलं. कर्ममेळ्याने विचारलं होतं त्याला तोवर सहाशे वर्षं होत आली होती.