माती, पोथी आणि पखवाज

(दृश्य: कौलारू शाळा, अंगणात फणसाचं झाड, ओट्याखाली चपलांची रास. आतून मुलांचा कलकलाट.)

मे महिना. कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यात या दिवसांत सकाळी आठलाच घामाच्या धारा लागतात. फणस पिकायला लागलेत, मुंबईचे चाकरमानी पोराबाळांसह गावी आलेत. शाळेला सुट्टी आहे, तरी या शाळेचं दार उघडं आहे. आठवडाभराचं लोककलांचं शिबिर भरलंय. गावची मुलं आणि मुंबईची मुलं एकाच चटईवर बसली आहेत आणि प्रत्येकासमोर मातीचा गोळा आहे.

शिकवायला आलेत ते गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, मूर्ती घडवणारे काका. चतुर्थी जवळ आली की त्यांना मान वर करायला फुरसत नसते. आत्ता जरा उसंत आहे.

(दृश्य: मातीने माखलेले लहान हात, जवळून.)

ही मुलगी हत्ती करतेय. सोंड लावली की गळून पडते. काका हत्ती स्वतःच्या हातात घेत नाहीत. काडीने हत्तीच्या तोंडावर उभ्या-आडव्या रेघा ओढायला सांगतात, सोंडेच्या टोकालाही तशाच. मग पाण्यात कालवलेली माती बोटाने लावायची आणि दोन्ही भाग किंचित फिरवत दाबायचे.

"घाय करू नको, बाय."

सोंड बसली! ती हत्ती घेऊन उन्हाकडे धावते, तर काका तिला पडवीतली सावली दाखवतात. उन्हात माती बाहेरून भरभर वाळते, आत ओलीच राहते, आणि मग तडा जातो तो नेमका जोडावर. पाठ्यपुस्तकात बाष्पीभवनाचा धडा येईल तेव्हा येईल. हिला तो आजच कळलाय.

(दृश्य: चित्रकथीची पोथी उघडते. टाळांचा आवाज.)

कुडाळपासून जवळच पिंगुळी आहे. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यानपिढ्या सांभाळल्या. याच कामासाठी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

चित्रकथीची पोथी म्हणजे चित्रांची चळत, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो आणि वीणा, टाळ आणि हुडुक (लहान चर्मवाद्य) यांच्या साथीवर रामायण-महाभारतातलं आख्यान गातो. चित्र, गाणं, गोष्ट आणि ताल, सगळं एका बैठकीत. शिबिरांच्या पत्रकांत 'नऊ ते दहा चित्रकला, दहा ते अकरा गायन' असे रकाने असतात. मला ते कधीच पटले नाहीत. मूल रंगात आलेलं असतं आणि घंटा वाजते!

इथे मुलं आधी गोष्ट ठरवतात आणि तिचे प्रसंग पाडतात. मग चित्राला कोण, गायला कोण, हे आपोआप होतं. 'मला चित्र येत नाही' म्हणणारा तो मुलगा पहिल्या दिवशी टाळ घेऊन बसला होता. आता बघा, रावणाच्या मिशा कुणालाही हात लावू देत नाहीये.

(दृश्य: दुपार. गोल पत्त्यांवर रंग भरणं.)

दुपारी बाहेर उभं राहवत नाही. मग गंजिफा. सावंतवाडीचे हे गोल पत्ते एकेकाळी विस्मरणात चालले होते. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी पुढाकार घेतला, राजवाड्यात कलाकारांना बसवलं आणि ही कला तगली. दशावतारी गंजिफेत १० अवतारांचे १० रंग असतात, प्रत्येकाचे १२ पत्ते: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. एकूण १२०. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. मुलं पुठ्ठ्याच्या चकत्या कापून आपापला अवतार वाटून घेतात. इवल्याशा गोलात दहा कासवं मावेनात, म्हणून कुणीतरी कासवं उभी करून बघतंय.

(दृश्य: संध्याकाळ. पखवाज आणि पेटीचे सूर. चेहरे रंगवणं.)

संध्याकाळ मात्र दशावताराची, म्हणजे इथल्या लोकनाट्याची. इथल्या मुलांनी जत्रेत रात्र रात्र जागून तो पाहिलाय. मुंबईच्या मुलांना सगळंच नवं आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, प्रवेश ठरतात आणि संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. पाठांतराला घाबरणारी मुलं इथे मोकळी होतात. शब्द अडला तर पखवाजवाले आबा थाप देऊन वेळ सावरून घेतात. तेवढ्यात शब्द सापडतो. काळ्या वेशातला, लांब लाल जिभेचा संकासुर व्हायला तर रांग लागलीये, आणि मुलीही त्या रांगेत आहेत.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. इथे येणारे कलाकार पाहुणे म्हणून नारळ-शाल घेऊन परत जात नाहीत. ते शिक्षक आहेत आणि त्यांना दिवसाचं मानधन मिळतं. पालकांच्या वर्गणीतला पहिला पैसा त्यांचा, रंग-कागद त्यानंतर. कला टिकली पाहिजे असं आपण सगळेच म्हणतो. टिकवणाऱ्याची चूल पेटते का, हे विचारणारे थोडे. ज्यांनी शिबिर भरवायचं मनात आणलंय, त्यांनी अंदाजपत्रकाची पहिली ओळ अशी लिहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

(दृश्य: सावंतवाडी, चितारआळी. लाकडी फळं, भाज्या, खेळणी.)

पुढच्या मे महिन्यात दोन दिवस वाढणार आहेत. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं लाखकाम मुलांना दाखवायचं ठरलंय. गरगर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने लाख तापून वितळते आणि लाकडावर रंग चढतो. यंत्राजवळ कारागीरच बसेल, मुलांनी कांडी धरायची. वय बारा पूर्ण हवं, असा नियम केलाय. दहा वर्षांचे तिघे त्यावर अजून वाद घालतायत.