पत्ता : ५६ ए.पी.ओ.

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी काहींच्या घरी ती निळी आंतरदेशीय पत्रं अजून असतील. पाठवणाऱ्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ५६ ए.पी.ओ., म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. ना गावाचं नाव, ना डोंगराचं. पोरगा लेहला आहे की पूंछला, हे पत्त्यावरून आईला कळायचं नाही. आत मजकूर ठरलेला : मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे. पंधरा-वीस वर्षं हाताला हे एवढंच लिहायचं वळण. तोच हात पेन्शनीत आल्यावर फौजेतल्या आठवणी लिहायला वही उघडतो आणि गाडी तिथेच अडते.

मंगळवेढ्याकडच्या एका हवालदारांनी मला दोनशेपानी वही आणून दिली, ‘जरा बघा’ म्हणून. १९९९ला ते द्रासच्या बाजूला तोफखान्याच्या ओपी पार्टीत होते, म्हणजे पायदळाबरोबर वर चढून तोफांना निशाणा सांगणाऱ्यांत. पहिली साठ पानं निव्वळ रिपोर्ट. ‘वेळ ०४३०. हवामान खराब. पार्टी रवाना.’ पुढे साथीदार पडतो, तिथे भाषा एकदम पंधरा ऑगस्टची : धारातीर्थ, सुपुत्र, अमर. मी विचारलं, “या गड्याला तुम्ही हाक काय मारायचा?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “पैलवान. हरियाणाचा होता. त्याला माझी कडक भाकरी चावायची नाही.”

सुट्टीवरून निघताना आईनं ज्वारीच्या कडक भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, सोबत शेंगाची चटणी. भाकरी किती दिवस टिकते हे सोलापूरकरांना मी काय सांगणार! पैलवान ती चहाच्या मगात बुडवायचा आणि रोज विचारायचा, “उस्ताद, ये रोटी है या खपरैल?” खपरैल म्हणजे छपराचं कौल. वहीत यातलं अक्षर नव्हतं. का, तर “ते काय लिहायचं, ते घरचं.”

आणखी एक गोम आहे. हा माणूस मराठी, पण फौजेतलं सगळं आयुष्य हिंदीत काढलेलं. त्यांच्या वहीतल्या ‘पिठ्ठू’चं कुणा शुद्धलेखनवाल्यानं ‘पाठपिशवी’ करून ठेवलं होतं. पाठपिशवी घेऊन माणूस सहलीला जातो हो! मी ‘पिठ्ठू’ परत घातला. ‘लंगर’ही, म्हणजे फौजेतलं स्वयंपाकघर, राहू दिला.

अधिकाऱ्यांचं बरं असतं, ते लिहितात, बहुधा इंग्रजीत. ब्रिगेडियर जॉन दळवी १९६२च्या चीन युद्धात सरहद्दीवरच्या नामका चू नदीवर ७ ब्रिगेडचे कमांडर होते, चीनच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि १९६९ला त्यांचं पुस्तक निघालं. जवानाचं लेखन मात्र कधीकधी दुसऱ्याच्या दप्तरातच सापडतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून आपल्या शिपायांनी घरी लिहिलेली, पुष्कळदा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली पत्रं इंग्रजांचं सेन्सॉर खातं वाचायचं आणि उतारे इंग्रजीत करून ठेवायचं. शिपाईही वस्ताद. काळी मिरी म्हणजे आपण, लाल मिरची म्हणजे गोरे, अशी भाषा करून लिहायचे. सेन्सॉरचे ते इंग्रजी उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. घराघरात पोचलेले मूळ कागद कुठे गेले असतील कोण जाणे, काही चुलीतही गेले असतील.

कायद्याची भीती बरेच जण घालतात. ती खोटी नाही. १९२३चा सरकारी गुपितांचा कायदा निवृत्तीनंतरही सुटत नाही. चौकीचं नाव, तोफांचं ठिकाण लिहू नका, बिघडत नाही. चटणीला तो कायदा लागत नाही.

परवा वही परत आली. पैलवानाच्या पानावर आता चारच ओळी आहेत. धारातीर्थ गेलंय. शेवटची ओळ अशी : ‘खाली उतरल्यावर डबा उघडला, तीन भाकऱ्या होत्या. कुणी खाल्ल्या ते आठवत नाही.’ मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं.