कळा आणायच्या की सिझर करायचं?

नमस्कार श्रोतेहो. नाशिकमध्ये २८ वर्षं मी लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काम केलं. बाळंतपणाचा निर्णय डॉक्टरांचा असतो, पण तो निर्णय पार पडेपर्यंतचे दहा, वीस, कधी तीस तास बाईच्या उशाशी सिस्टर असते. तिथून जे दिसलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

दिंडोरीकडची एक पहिलटकरीण आली होती. ३७ आठवडे नुकतेच पूर्ण झालेले. पाय इतके सुजले होते की चांदीची जोडवी मांसात रुतून बसली होती. साबणाचं पाणी लावून, बोटाला दोरा गुंडाळून मी ती एकेक करून सरकवली. खाली खोल वळ उठले होते. बीपी १५०/१००, लघवीतून प्रथिनं जात होती. डॉक्टर तपासून म्हणाले, “आता थांबायचं नाही. बाळ बाहेर यायला हवं.”

तिची आई लगेच माझ्याकडे वळली. “ताई, मग शिजर करून टाका. पोरीचे हाल नकोत.” बाकावरून सासूबाई म्हणाल्या, “आमच्यात कुणाचं पोट फाडलं नाही. नॉर्मलच होऊ द्या.” आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं, ती खाटेवर पडून छताकडे बघत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी त्या दोघींना बाहेर घेऊन गेले. म्हटलं, डॉक्टरांनी फक्त ‘कधी’ ते सांगितलंय, ‘कसं’ ते अजून ठरायचंय. श्रोतेहो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि आपल्याकडे सगळा गोंधळ ते एकच समजण्यातून होतो.

‘कधी’ हे आजार ठरवतो. गरोदरपणातल्या या बीपीच्या आजाराचं मूळ वारेत असतं. गोळ्यांनी बीपी आटोक्यात राहतं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, पण वार बाहेर पडल्याशिवाय आजार उतरणीला लागत नाही. म्हणून बीपी १४०/९० च्या वर राहत असेल आणि लघवीत प्रथिनं असतील, तर ३७ आठवड्यांनंतर सहसा थांबत नाहीत. बीपी १६०/११० च्या वर गेलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तर ३४ आठवड्यांनंतरही बाळंतपण करावं लागतं. कधी त्याही आधी.

‘कसं’ हे मात्र बऱ्याच अंशी गर्भाशयाचं तोंड सांगतं. डॉक्टर हाताने तपासतात ते त्यासाठीच. तोंड किती उघडलंय, किती आखूड झालंय, कुठल्या दिशेला आहे, बाळाचं डोकं किती खाली उतरलंय आणि स्पर्शाला गर्भाशयाचं तोंड कसं लागतं, या पाच गोष्टींना गुण देतात. १३ पैकी. बिशप नावाच्या डॉक्टरांनी १९६४ साली ही पद्धत मांडली, आजही तीच वापरतात. स्पर्शाचं आम्हाला शिकवलेलं सोपं आहे. आपल्या नाकाच्या शेंड्याला बोट लावून बघा, मग ओठाला लावा. नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट लागलं, तर तोंड अजून तयार नाही. ओठासारखं मऊ लागलं, तर तयार आहे. ८ किंवा जास्त गुण आले, तर कळांचं सलाईन लावून बाळंतपण सुरळीत होण्याची आशा चांगली असते. ६ किंवा कमी असतील, तर आधी तोंड मऊ करावं लागतं.

त्यासाठी जेल असतं, २५ मायक्रोग्रॅमची मिसोप्रोस्टॉलची गोळी असते, किंवा लघवीसाठी वापरतात तीच नळी आत सरकवून तिचा फुगा पाण्याने फुगवतात. या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलाच एक मोठा अभ्यास आहे. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत बीपी वाढलेल्या ६०२ बायकांवर तो झाला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दर दोन तासांनी गिळायला गोळी दिलेल्यांपैकी ५७ टक्के बायका २४ तासांच्या आत नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या, फुगा लावलेल्यांपैकी ४७ टक्के. म्हणजे बीपी वाढलं की सिझरच, असं मुळीच नाही. उलट या आजारात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात, अशा वेळी पोटावरची जखम टळली तर बरंच. पण याच आकड्यांत दुसरी बाजूही आहे. कितीतरी जणींचं २४ तासांत झालं नाही. कळा आणणं हे एका दुपारचं काम नव्हे. एक जेल ठेवून कळा आल्या नाहीत, म्हणून ‘फेल गेलं’ म्हणू नका. आणि हात जोडून सांगते, ही गोळी कुणाच्या सांगण्यावरून घरी घेऊ नका. बाळाचे ठोके बघणारं माणूस शेजारी असल्याशिवाय ती घ्यायची नसते.

काही ठिकाणी कळा आणण्याचा प्रश्नच येत नाही. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, बाळ आडवं असेल, आधीच्या सिझरचा गर्भाशयावरचा छेद उभा असेल, तर ठरवून सिझर. बाळ पायाळू असलं, तरी बहुतेक वेळा तेच. आधीचं एक सिझर आडव्या छेदाचं असेल, तर नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो. आपोआप कळा आल्या तर जुना व्रण उसवण्याचा धोका २०० मध्ये एखादीला असतो, औषधाने कळा आणल्या तर तो वाढतो. म्हणून तिथे मिसोप्रोस्टॉल वापरत नाहीत.

शुगर असलेल्या बायकांच्या घरी बाळाच्या वजनाची भीती असते. सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो. १०-१५ टक्के इकडेतिकडे होतं. साडेतीन किलो सांगितलेलं बाळ तीनचं निघतं, तसंच चारचंही निघतं. नुसत्या त्या एका आकड्यावर सिझरची तारीख पक्की करू नका.

तारखेवरून आठवलं. आपलं गाव पंचवटीचं, त्र्यंबकेश्वर जवळ. सिझर ठरलं की गुरुजींकडून मुहूर्त येतो. माझीही पंचांगावर श्रद्धा आहे. दोन्ही दिवस वैद्यकीयदृष्ट्या सारखेच असतील, तर त्यातला एक तुम्ही निवडा. पण घाईचं कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आधीची वेळ मागू नका. बाळाची फुप्फुसं मुहूर्त बघून तयार होत नाहीत, आणि धाप लागलेलं बाळ काचेच्या पेटीत ठेवलेलं मी फार वेळा पाहिलंय.

आता एक सल सांगते. शुगर असलेली एक मुलगी होती. कळांचं औषध सुरू केलं, १८ तास तिने सोसलं आणि मग बाळाचे ठोके उतरले. धावपळ करून सिझर झालं. दोघंही सुखरूप. पण ती तीन दिवस रडत होती. टाक्यांमुळे नव्हे. “सिस्टर, माझंच काहीतरी चुकलं,” एवढंच म्हणायची. तिचं काहीच चुकलं नव्हतं, चुकलं आमचं. या वाटेवर असं वळण येऊ शकतं, हे आधी तिच्याजवळ बसून कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगत आले, कळा आणायचं ठरलं की डॉक्टरांना विचार: माझं तोंड किती तयार आहे? आपण किती वेळ वाट बघणार? काय दिसलं तर थांबायचं? भूल देणारे डॉक्टर रात्री दोनलाही किती वेळात पोहोचतील? रक्ताची सोय कुठे आहे? लांबलेल्या कळांनंतरचं सिझर ठरवून केलेल्या सिझरपेक्षा अवघड जातं, जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त. तोंड अजिबात तयार नाही, आजार झपाट्याने वाढतोय, बाळ कमजोर आहे, अशा वेळी डॉक्टर थेट सिझर सुचवतात ते यासाठी.

लोक म्हणतात, पैशांसाठी सिझर करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३ टक्के. संशय येणारच. तर मग कारण विचारा, ते कागदावर लिहून मागा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पण संशयापोटी “नॉर्मलच करणार” म्हणून बीपी वाढलेल्या मुलीला घरी नेऊ नका. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या मैत्रिणींनो, धोक्याचं बाळंतपण सांगितलं असेल तर कळांची वाट न बघता आधीच मोठ्या दवाखान्यात या. घाटात कळा सुरू झाल्या तर निवड करायला काही उरत नाही. सरकारी रुग्णालयात सिझरसुद्धा मोफत आहे, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ती तरतूद आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा.

दिंडोरीच्या त्या मुलीला मी शेवटी विचारलं, “तुला काय वाटतं गं?” ती म्हणाली, “तुम्ही जवळ असाल तर कळा सोसते. पण बाळाला काही व्हायला लागलं तर मला विचारत बसू नका, लगेच सिझर करा.” तिचं ते वाक्य डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं. तोंड तयार नव्हतं, म्हणून फुगा लावला. तो पहाटे आपोआप गळून पडला, मग सलाईन. दुपारी साडेतीनला मुलगी झाली, दोन किलो सहाशे. पुढे दोन दिवस बीपी वर-खाली होत राहिलं, म्हणून घरी सोडलं नाही, आणि ते योग्यच होतं. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात.

सहा आठवड्यांनी ती तपासणीला आली. पाय उतरले होते. जोडवी घातली होती, आणि आता ती बोटांत सैल फिरत होती.